कार डिटेलिंगच्या वर्कशॉपमध्ये लाइट कोणते, किती आणि कुठे : नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाडी, हिंगणा रोड, मानकापूर, कामठी रोड... नागपुरात डिटेलिंगचे, म्हणजे गाडी धुऊन-पॉलिश करून चकचकीत करण्याचे, गाळे वाढताहेत आणि लाइटबद्दलचे प्रश्न बहुतेक सगळ्यांचे तेच आहेत. नवीन गाळा घेणाऱ्याचा कल नेहमी ‘जास्तीत जास्त वॅट’कडे असतो. खाली जे लिहिलंय त्याचा रोख वेगळा आहे: साधे लाइट योग्य जागी लावा, पैसे तिथे वाचवा आणि वाचलेल्या पैशातून एक चांगला हातातला लाइट घ्या.

एका गाडीच्या गाळ्याला किती ट्यूबलाइट लागतात?

१२ बाय २० फुटांचा गाळा धरू. म्हणजे २४० चौरस फूट, साधारण २२ चौरस मीटर. बऱ्या कंपनीची ४ फुटी, २० वॅटची एलईडी बॅटन (पट्टीसकट येणारी ट्यूबलाइट) साधारण २,००० ल्युमेन, म्हणजे एकूण उजेड, देते. अशा १२ लावल्या तर २४,००० ल्युमेन झाले. त्यातला निम्मा उजेड पत्रा, भिंती आणि धूळ खाऊन टाकते असं धरून चाला. उरलेले १२,००० ल्युमेन २२ चौरस मीटरवर पसरले की सरासरी ५०० लक्सच्या (दर चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन) थोडं वर येतं. धुणं, व्हॅक्युम, आतली साफसफाई, डॅशबोर्डचं काम यासाठी हे पुरे आहे.

पॉलिशिंग आणि कोटिंगला (रंगावर संरक्षक थर चढवणं) मात्र पॅनेलपाशी, म्हणजे गाडीच्या बोनेट-दरवाजापाशी, १,००० लक्सच्या आसपास हवेत. तेवढ्यासाठी छतावर आणखी बारा ट्यूब ठोकायची गरज नाही. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर मिळून ५-६ बॅटन लावा, बाकीचं काम हातातला लाइट करतो. एकूण १८ बॅटनमध्ये एक गाडी आरामात बसते. लक्स मोजायचे असतील तर मोबाइलचं ॲप अंदाजापुरतं चालतं. ‘या कोपऱ्यात त्या कोपऱ्याच्या निम्मंच आहे’ एवढं ते नक्की सांगतं, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं.

एवढे लाइट असूनही स्वर्ल मार्क (रंगावरचे जाळीसारखे बारीक ओरखडे) दिसत नाहीत. गिऱ्हाईक गाडी उन्हात नेतं आणि फोन करतं. असं का होतं?

कारण ट्यूबलाइट लांब असते, मऊ असते आणि चहूबाजूंनी उजेड टाकते. क्लिअर कोटवरची (रंगावरच्या पारदर्शक थरावरची) बारीक ओरखड उजेडात चमकली तरच डोळ्याला दिसते, आणि ती चमकायला उजेड एकाच ठिकाणाहून, एका दिशेने यावा लागतो. सूर्य आकाशात एका बिंदूसारखा असतो, म्हणून उन्हात सगळं उघडं पडतं. दहा ट्यूब दहा दिशांनी उजेड टाकतात तेव्हा ओरखड्याची चमक आजूबाजूच्या उजेडात बुडून जाते.

यातली एक गंमत बऱ्याच मुरलेल्या पोरांनाही ठाऊक नसते. स्वर्ल मार्क गोल दिसतात, पण बहुतेक ओरखडे गोल नसतात. ते कपड्याने पुसताना सगळ्या दिशांना पडलेले सरळ, आडवेतिडवे असतात. त्यातले उजेडाच्या दिशेला आडवे असलेले तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं उमटतात. हातातला लाइट बोनेटवरून सरकवून पाहा, जाळंही त्याच्याबरोबर सरकतं.

तेव्हा तपासणीच्या वेळी छतावरचे लाइट चक्क बंद करायचे किंवा निम्मे ठेवायचे आणि एकच एलईडी असलेला हातातला लाइट पॅनेलवर तिरका फिरवायचा. यासाठीच छतावरच्या प्रत्येक ओळीला वेगळं बटण हवं. वायरमन ‘एकाच बटणावर घेऊ, स्वस्तात होईल’ म्हणेल. ऐकू नका.

मग ट्यूबलाइटचा उपयोग काय?

भरपूर. तिची लांब, सरळ रेघ पॅनेलमध्ये दिसते आणि ती रेघ जिथे वाकते तिथे डेंट किंवा लाट असते. रंगाचं संत्र्याच्या सालीसारखं खडबडीत टेक्श्चर, पीपीएफची (रंग वाचवणाऱ्या पारदर्शक फिल्मची) उचललेली कड, कोटिंग पुसताना राहिलेला पट्टा, हे सगळं रेघेच्या प्रतिबिंबात पटकन सापडतं. पेंट न करता डेंट काढणारे कारागीर तर रेघांचा बोर्डच समोर धरून काम करतात. थोडक्यात, उंचसखलपणा ट्यूब दाखवते, ओरखडे बिंदूसारखा लाइट दाखवतो.

हातातला लाइट कोणता घ्यावा?

सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० च्या वर, उजेड कमी-जास्त करता येणारा, बॅटरी बदलता येणारी आणि पॅनेलवर पडला तरी रबराच्या कडेमुळे ओरखडा न पाडणारा. पट्टीसारखा लांब एलईडी असलेला गॅरेज लाइट इंजिन बे किंवा सीटखाली बघायला चांगला, स्वर्ल शोधायला नाही. त्यासाठी एकच एलईडी, एकच लेन्स असलेला टॉर्च हवा. डेन्मार्कच्या स्कॅनग्रिपसारख्या कंपन्यांचे लाइट सुंदर आहेत, रंगतापमानही (उजेड पिवळसर की निळसर) बदलता येतं, पण किंमत नवीन धंद्याला झेपणारी नाही. सुरुवातीला चांगल्या एलईडीचा, चार्ज होणारा साधा टॉर्च चालतो.

फक्त ‘१०,००० ल्युमेन’ छापलेल्या खोक्यांना भुलू नका. मुठीत मावणाऱ्या साध्या टॉर्चमधून तेवढा उजेड निघत नाही, आणि निघाला असता तरी चकचकीत बोनेटवरून उलटून तुमच्याच डोळ्यांत गेला असता. उजेड जास्त झाला की ओरखडे दिसेनासे होतात, हे पांढऱ्या आणि चंदेरी गाड्यांवर तर फार जाणवतं. अशा गाडीवर लाइट मंद करा, जमल्यास पिवळसर करा आणि कोन बदलत राहा. काळी गाडी कुठल्याही लाइटखाली स्वतःचे दोष स्वतःच सांगते.

६५०० केल्विन घ्यावा की ४०००?

दुकानात ‘कूल डे लाइट’ म्हणून जे सर्रास मिळतं ते ६५०० केल्विन. थोडा निळसर, डोळ्याला प्रखर. ४००० म्हणजे ‘नॅचरल व्हाइट’. डिटेलिंगला ५००० च्या आसपासचा उत्तम, पण तो प्रत्येक दुकानात असेलच असं नाही, मागवावा लागतो. थांबायचं नसेल तर छतावर ६५०० आणि भिंतींवर ४००० लावा. दोन रंगतापमानं मिळाली की एकात लपलेला दोष दुसऱ्यात दिसतो. मात्र एकाच ओळीत दोन रंग मिसळू नका. फोटोत गाडीचा एक दरवाजा निळा आणि एक पिवळा येतो.

सीआरआय ८० असलेली साधी बॅटन पॉलिशिंगला पुरते. रंग जुळवायचं, टच-अपचं काम करत असाल तरच तिथल्या लाइटसाठी ९० च्या वरचा आग्रह धरा.

लाइट नेमके कुठे लावायचे?

गाडीच्या टपाच्या बरोबर मधोमध नाही. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. मधली ओळ फक्त टप उजळते. दरवाजे आणि बंपर अंधारात राहतात आणि माणूस वाकला की त्याची सावली नेमकी कामाच्या जागेवर पडते.

गाडी उभी राहते तिच्या दोन्ही बाजूंना, दरवाजापासून हात-दीड हात बाहेर, लांबीच्या दिशेने एकेक ओळ घ्या. पुढे बोनेटसमोर आणि मागे डिकीसमोर एकेक आडवी ओळ. भिंतीवरच्या बॅटन उभ्या किंवा तिरप्या, जमिनीपासून ३ फुटांवर सुरू होऊन ७ फुटांपर्यंत. दरवाजाचा खालचा भाग, सिल, व्हील आर्च हे छतावरून कधीच नीट दिसत नाहीत, त्यांच्यासाठी हे.

उंचीचं म्हणाल तर बहुतेक शेडचा पत्रा १४-१६ फुटांवर असतो. तिथे बॅटन चिकटवली की उजेड वाटेतच पसरतो. साखळीने ९ ते १० फुटांवर खाली घ्या. त्याहून खाली नको, मोठ्या एसयूव्हीची डिकी उघडली की टेकू शकते.

पत्र्याच्या शेडमध्ये नागपूरचा उन्हाळा एलईडी सोसतो का?

सोसतो, पण आपण मदत केली तर. बाहेर ४५ च्या पुढे पारा असताना नवतप्यात पत्र्याखालच्या हवेचं काय होतं ते शेडमध्ये काम केलेल्याला सांगायला नको. एलईडीचा चिप सहसा आधी जात नाही, आधी जातो ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट), आणि ड्रायव्हरमध्ये बहुतेक वेळा कपॅसिटर. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की या कपॅसिटरचं आयुष्य निम्म्यावर येतं. पत्र्याला चिकटवलेली बॅटन आणि ५ फूट खाली साखळीला टांगलेली तीच बॅटन यांच्या आयुष्यात म्हणूनच मोठा फरक पडतो.

प्लास्टिकच्या बॉडीपेक्षा ॲल्युमिनियमची घ्या. पत्र्यावर टर्बो व्हेंटिलेटर बसवला तर लाइटही वाचतात आणि पोरंही. चिकटपट्टीवरची स्वस्त एलईडी स्ट्रिप मात्र मे महिन्यात खाली लोंबकळणारच. स्ट्रिप लावायचीच असेल तर ॲल्युमिनियमच्या पट्टीत बसवून स्क्रूने घट्ट करा.

ते षटकोनी हेक्सागॉन लाइट घेऊ का? रीलमध्ये फार भारी दिसतात.

दिसतात खरे. चकचकीत बोनेटवर मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी उमटते, गिऱ्हाईक गाडी घ्यायला येतं तेव्हा आधी मोबाइल काढतं. जाहिरात म्हणून त्याची किंमत वसूल होते यात वाद नाही. उजेड एकसारखा पडतो, सावली कमी, रेघांमुळे डेंटही दिसतात.

पण स्वर्ल? ते हा लाइट दाखवण्यापेक्षा लपवतोच जास्त, कारण ते शेवटी ट्यूबचंच जाळं आहे. शिवाय शंभर जोड असलेल्या जाळीतला एक जोड सैल झाला की कोपरा मिचमिचायला लागतो आणि तो शोधायला शिडी लावून अर्धा दिवस जातो. माझं मत विचाराल तर हेक्सागॉन शेवटी घ्यायची वस्तू आहे. आधी बॅटन, मग हातातला लाइट, मग वायरिंग नीट, आणि धंदा चालू लागला की डिलिव्हरीच्या जागेवर एक छोटी जाळी. पूर्ण शेडभर नको.

१०० वॅटचे दोन हायबे किंवा फ्लड लाइट लावले तर स्वस्तात होणार नाही का?

बिलावर स्वस्त, कामात महाग. हायबे १८-२० फुटांच्या वरच्या गोडाऊनसाठी बनलेले असतात. कमी उंचीवर ते बोनेटमध्ये दोन पांढरे गोळे होऊन बसतात, डोळे दिपतात आणि सावल्या काळ्याभोर पडतात. जुना ५०० वॅटचा हॅलोजन कुणी फुकट देत असेल तरी घेऊ नका. पॅनेल तापवतो, कोटिंग वेळेआधी सुकवतो, आणि थिनर किंवा आयपीएच्या (आयसोप्रोपिल अल्कोहोल) वाफेजवळ एवढी गरम वस्तू ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण.

धुण्याच्या जागेसाठी वेगळे लाइट लागतात?

लागतात. तिथे ट्रायप्रूफ प्रकारची बंद फिटिंग घ्या, आयपी६५ किंवा त्यावरची. पहिला ६ म्हणजे धूळ आत जात नाही, ५ म्हणजे साध्या पाण्याच्या फवाऱ्याला टिकते. प्रेशर वॉशरचा झोत जवळून थेट मारला तर आयपी६५ चाही टिकाव लागत नाही, म्हणून फिटिंग झोताच्या वाटेत येणार नाही अशी लावा. केबल फिटिंगमध्ये शिरते तिथला ग्लँड घट्ट नसेल तर आयपीचा आकडा नुसता शोभेचा. आणि या सर्किटला ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवीच, त्यात घासाघीस नाही. ओल्या फरशीवर ओल्या चपलेत माणूस उभा असतो.

वायरमनला काय काय सांगायचं?

लाइटचं सर्किट वेगळं, कॉम्प्रेसर आणि प्रेशर वॉशरचं वेगळं. मोटर सुरू होताना व्होल्टेज दबतं आणि त्याच लाइनवर लाइट असतील तर प्रत्येक वेळी डोळा मारतात. लाइटसाठी १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, योग्य एमसीबी, आणि अर्थिंग खरंखुरं. बॅटनच्या खोक्यावर व्होल्टेजची रेंज छापलेली असते. १०० ते ३०० व्होल्ट असेल ती घ्या, २२० ते २४० वाली ठेवून द्या. वळवाच्या पावसात विजा कडाडतात, लाइन जाते आणि परत येते तेव्हा झटका देत येते. मीटरनंतरच्या बोर्डात एक सर्ज प्रोटेक्टर बसवला तर अठरा ड्रायव्हर वाचतात. थ्री-फेज कनेक्शन असेल तर शेजारशेजारच्या ओळी वेगवेगळ्या फेजवर टाकायला सांगा.

ओळी वेगवेगळ्या फेजवर टाकल्याने काय फरक पडतो?

स्वस्त ड्रायव्हरचा लाइट सेकंदाला १०० वेळा मिचमिचतो, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. साध्या डोळ्याला कळत नाही, संध्याकाळपर्यंत डोकं दुखतं तेव्हा कळतं. शिवाय अशा उजेडात फिरणारा रोटरीचा पॅड ठरावीक वेगाला थांबल्यासारखा किंवा उलटा फिरल्यासारखा दिसू शकतो. पॉलिशर हातात असताना असा भास नको. फेज वाटून दिले की एका ओळीची मिचमिच दुसरी भरून काढते. खरा उपाय अर्थातच चांगला ड्रायव्हर. दुकानातच मोबाइलचा कॅमेरा स्लो मोशनवर टाकून पेटलेल्या बॅटनसमोर धरा. काळे पट्टे सरकताना दिसले किंवा उजेड धडधडताना दिसला की बॅटन परत ठेवायची. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या.

खरेदी कुठून? बर्डीच्या बाजारातून की ऑनलाइन?

बॅटन बर्डी-इतवारीतून घ्या. २० वॅटची नावाजलेल्या कंपनीची बॅटन साधारण २०० ते ३५० रुपयांत मिळते, एकदम १८-२० नग घेतले की भाव खाली येतो. वॉरंटीत बदलून घ्यायला माणूस समोर असतो हा खरा फायदा. खोक्यावर बीआयएसचा मार्क आणि त्यासोबतचा आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा, वॅटसोबत ल्युमेन छापलेत का बघा आणि पॉवर फॅक्टर ०.९ च्या वर असलेली घ्या. सगळा माल एकाच वेळी, एकाच बॅचचा उचला, वर दोन नग जास्तीचे. वर्षभराने तोच पांढरा रंग पुन्हा मिळत नाही.

जुन्या पट्ट्यांतच एलईडी ट्यूब टाकली तर?

टाकता येते, पण बहुतेकदा चोक आणि स्टार्टर काढून वायरिंग बदलून. काही ट्यूबना फेज-न्यूट्रल एकाच टोकाला लागतात, काहींना दोन टोकांना. दोन टोकांच्या ट्यूबचं एक टोक होल्डरमध्ये गेलं की दुसऱ्या टोकाच्या पिनेला करंट असू शकतो, म्हणून मेन बंद केल्याशिवाय हात लावायचा नाही. मजुरी आणि कटकट बघता नवीन बॅटनच परवडते.

महिन्याला बिल किती वाढेल?

१८ बॅटन, २० वॅट, म्हणजे ३६० वॅट. रोज १० तास आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर ९४ युनिटच्या आसपास. त्याच जागी चोकवाल्या जुन्या ३६ वॅटच्या ट्यूब असत्या तर चोकसकट साधारण ४५ वॅट प्रत्येकी, म्हणजे २१० युनिट. तुमच्या महावितरणच्या बिलावरचा व्यापारी दर लावून गुणाकार करा. ओळींना वेगळी बटणं असतील तर प्रत्यक्ष आकडा याहून खालीच राहतो.

भिंतींना कोणता रंग?

छत आणि भिंतींचा वरचा भाग पांढरा, चकाकी नसलेला. पत्र्याला आतून पांढरा मारला तर दोन-चार बॅटन वाचतात. एक भिंत मात्र गडद राखाडी ठेवा. चारी बाजू पांढऱ्या असल्या की गाडीत सगळीकडे पांढरंच प्रतिबिंब पडतं आणि दोष पुसट होतात. फोटोलाही तीच भिंत कामी येते.

पावसाळ्यात लाइटवर पाखरं येतात, ओल्या कोटिंगवर बसतात. काय करावं?

हा अस्सल आपल्याकडचा प्रश्न. पहिल्या सरींनंतर पंखांची वाळवी, दिवाळीच्या सुमारास हिरवे तुडतुडे, आणि सगळ्यांना शेडमधला पांढराशुभ्र उजेड प्यारा. कोटिंगवर चिकटलेलं पाखरू काढायचं म्हणजे तो पॅनेल पुन्हा घासायचा. सोपा उपाय म्हणजे त्या दिवसांत कोटिंग सकाळी घ्या. संध्याकाळी करावंच लागलं तर शटर आधी पाडा, मग लाइट लावा. उलट क्रमाने केलं तर पाखरं आतच कोंडली जातात. शटरवरचा बाहेरचा लाइट पिवळा करा, पिवळ्यावर किडे कमी येतात. लांब कंपाउंडच्या कोपऱ्यात एक पांढरा बल्ब पेटता ठेवा म्हणजे गर्दी तिकडे वळते.

कोटिंगचे हाय स्पॉट (कोटिंग जास्त साचून राहिलेल्या जागा) कसे पकडायचे?

पुसून झाल्याबरोबर, तिरक्या उजेडात, पॅनेलच्या पातळीला डोळा आणून. समोरून बघाल तर काही दिसणार नाही. तेलकट, इंद्रधनुषी डाग दिसला की तिथेच दुसरा कोरडा टॉवेल फिरवा. वाळून कडक झाल्यावर त्याला पॉलिशरशिवाय इलाज नाही. कूलर गाडीकडे तोंड करून चालू असेल तर दमट हवेने सुकण्याची वेळही बदलते, तेवढा वेळ तो बाजूला वळवा.

लाइट किती दिवसांनी पुसायचे?

महिन्यातून एकदा, बंद करून, कोरड्या मायक्रोफायबरने. कंपाउंडची बारीक भुकटी बॅटनवर बसते आणि उजेड इतका हळूहळू कमी होतो की कुणाच्या लक्षात येत नाही.

जागा भाड्याची आहे. उद्या सोडावी लागली तर सगळा खर्च पाण्यात?

नाही. सगळं साखळी-हुकावर टांगा आणि प्रत्येक ओळीला थ्री-पिन टॉप लावून छताजवळच्या सॉकेटमध्ये द्या. सोडायच्या दिवशी दोन माणसं सकाळच्या वेळेत सगळे लाइट उतरवतात. भिंतीवरच्या बॅटन लाकडी पट्टीवर बसवून ती पट्टी चार स्क्रूवर लावली तर तीही जशीच्या तशी निघते. आरसीसीबी आणि सर्ज प्रोटेक्टर तुमचे आहेत हे भाडेकरारात आधीच लिहून घ्या, नाहीतर ‘बोर्डातलं सगळं जागेचं’ म्हणून मालक अडून बसतो.